मतदाराला बोलू द्या

एप्रिल २०१९ मध्ये सोलापूरच्या सभेत राज ठाकरे यांनी एक गाव पडद्यावर आणलं. मेळघाटातलं हरिसाल. सरकारी जाहिरातीत ते 'डिजिटल गाव' म्हणून झळकलं होतं. आधी पडद्यावर ती जाहिरात दिसली, मग गावात प्रत्यक्ष काय आहे त्याचं चित्रण, आणि मग जाहिरातीतला तरुण स्वतःच व्यासपीठावर उभा राहिला. मैदानातले मोबाईल वर झाले. ते दृश्य त्याच रात्री महाराष्ट्रभर फिरलं. 'लाव रे तो व्हिडिओ' हे शब्द त्या उन्हाळ्यात शाळकरी पोरांच्याही तोंडी होते.

मनसे ती लोकसभा निवडणूक लढवतच नव्हती. तरीही सभांना तुफान गर्दी होत होती, आणि मैदानात न आलेल्यांची मोबाईलवरची गर्दी तर त्याच्या कितीतरी पट होती. २३ मे रोजी निकाल लागला. राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीच्या. खुद्द सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले. राज यांची सभा नांदेडलाही झाली होती, तिथे अशोक चव्हाण पडले. बालाकोटनंतरचं वातावरण आणि वंचित बहुजन आघाडीला गेलेली मतं ही कारणं आहेतच, ती कुणी नाकारू नये. पण आणखी एक गोष्ट होती. व्हिडिओ पाहून ज्याचं मन हललं, त्याला पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. त्याचं नाव लिहून घेणारा, त्याच्या गल्लीतली चार घरं त्याच्यावर सोपवणारा, मतदानाच्या सकाळी त्याला हाक मारणारा माणूस त्या व्हिडिओच्या मागे उभा नव्हता.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले. वय ७८. तो फोटो आणि ती चित्रफीतही रातोरात सगळीकडे पोचली. सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरवलं, आणि विधानसभेत राष्ट्रवादीच्या जागा ४१ वरून ५४ झाल्या. पावसाने निवडणूक फिरवली असं तेव्हापासून म्हटलं जातं. माझ्या मते पावसाने एवढंच केलं की, खचून घरी बसलेल्या कार्यकर्त्याला घराबाहेर काढलं. सहकारी संस्था, साखर कारखाने, जुने गट आणि त्यांच्या हातातल्या याद्या पश्चिम महाराष्ट्रात आधीपासून होत्या. मोबाईलवरचं दृश्य त्या माणसांपर्यंत पोचलं आणि ती माणसं मतदारांपर्यंत पोचली.

प्रचारात समाजमाध्यमांचा वापर किती होतो, यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरतात. कुणाचे किती अनुयायी, कुणाच्या रीलला किती लाख लोकांनी पाहिलं, याची मोजदाद रोज होते. मला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ही साधनं मतदाराला काही काम देतात का, आणि त्याला उलट बोलू देतात का? जगभरात जिथे या दोन गोष्टी झाल्या, तिथे राजकारण थोडं बदललं. जिथे झाल्या नाहीत, तिथे फक्त भोंगा बदलला.

*

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, २००३ साली. व्हरमॉन्ट या छोट्या राज्याचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन पेशाने डॉक्टर. अध्यक्षपदाच्या शर्यतीत त्यांना कुणी मोजत नव्हतं. पैसा नाही, मोठी नावं पाठीशी नाहीत. इराक युद्धाला मात्र त्यांचा उघड विरोध होता, आणि डेमोक्रॅटिक पक्षातल्या सामान्य माणसाला तो भावत होता. 'मीटअप' नावाचं एक संकेतस्थळ तेव्हा नवं होतं. एकाच गोष्टीची आवड असलेल्या माणसांनी नाव नोंदवायचं आणि आपल्याच शहरातल्या एखाद्या कॅफेत जमायचं, एवढीच कल्पना. डीन यांच्या समर्थकांनी स्वतःहून तिथे नावं घालायला सुरुवात केली. प्रचारप्रमुख जो ट्रिपी यांनी ते हेरलं. सुरुवातीला काही शेकड्यांत असलेली संख्या वर्षअखेरीस दीड लाखाच्या पलीकडे गेली होती. महिन्याच्या पहिल्या बुधवारी देशभर बैठका व्हायच्या. माणसं एका टेबलाभोवती बसून आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमधल्या अनोळखी मतदारांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहायची.

पैसाही आला. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत डीन यांनी १ कोटी ४८ लाख डॉलर उभे केले, तेही बहुतेक छोट्या रकमांतून. त्याआधी कुठल्याच डेमोक्रॅटिक उमेदवाराने एका तिमाहीत एवढे जमवले नव्हते. उपाध्यक्ष डिक चेनी यांचं २००० डॉलर एका ताटाचं भोजन ठरलं, तेव्हा डीन संगणकासमोर बसून टर्की सँडविच खात होते आणि समर्थकांना देणगीचं आवाहन करत होते. चेनींच्या भोजनापेक्षा जास्त रक्कम त्या सँडविचने मिळवली.

आणि मग १९ जानेवारी २००४ ला आयोवात डीन तिसरे आले. मतं १८ टक्के. आयोवाची पद्धत तेव्हा वेगळी होती. शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात शेजारीपाजारी जमायचे आणि सगळ्यांदेखत आपापल्या उमेदवाराच्या बाजूला उभे राहायचे. शेजाऱ्याचा शब्द तिथे सगळ्यात जड. डीन यांच्या मोहिमेने बाहेरच्या राज्यांतून साडेतीन हजारांच्या आसपास उत्साही तरुण आणले, त्यांच्या डोक्यांवर केशरी टोप्या घातल्या आणि त्यांना दारोदार पाठवलं. आयोवाच्या शेतकऱ्याला ती पोरं परकी वाटली. इंटरनेटने माणसं जोडली होती, पण ती देशभर विखुरलेली होती. ज्या गल्लीत मत पडणार होतं, त्या गल्लीतली नव्हती.

डीन हरले, पण त्यांच्या मोहिमेतल्या तंत्रज्ञ पोरांनी धडा घेतला. त्यांच्यातल्या काहींनी 'ब्लू स्टेट डिजिटल' ही कंपनी काढली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये बराक ओबामा यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा त्यांच्या मोहिमेचं ऑनलाइन व्यासपीठ याच कंपनीने उभं केलं. फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस ह्यूज, तिथे कामाला आला. ओबामांच्या त्या जागेवर नाव नोंदवलं की, 'आमचं भाषण ऐका' एवढ्यावर तुम्हाला सोडत नसत. तुमच्या भागातल्या मतदारांची छोटी यादी मिळे. घरी बैठक बोलवा, शेजाऱ्यांना फोन करा, या दहा दारांवर जा, काय झालं ते नोंदवा. निवडणूक संपेपर्यंत सुमारे २० लाख लोकांनी तिथे खाती उघडली होती आणि दोन लाखांच्या आसपास प्रत्यक्ष कार्यक्रम ठरवले होते. ऑनलाइन देणग्यांचा आकडा ५० कोटी डॉलरच्या घरात गेला.

मला मात्र त्या मोहिमेतला एक वेगळाच प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. जून २००८ मध्ये ओबामांनी एका विधेयकावर भूमिका बदलली. सरकारला बेकायदा फोन-टेहळणीत मदत केलेल्या दूरसंचार कंपन्यांना त्या विधेयकाने संरक्षण मिळणार होतं. ओबामांनी आधी विरोधाचा शब्द दिला होता, आता ते पाठिंबा द्यायला निघाले होते. त्यांच्याच समर्थकांनी, त्यांच्याच व्यासपीठावर, 'या विधेयकाविरुद्ध मत द्या' अशी मागणी करणारा गट काढला. काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसं त्यात आली आणि तो तिथला सगळ्यात मोठा गट झाला. प्रचार ऐन रंगात होता. गट पुसून टाकणं मोहिमेच्या हातात होतं. तो कुणी पुसला नाही. ओबामांनी त्याच जागेवर लेखी उत्तर दिलं: तुमचं म्हणणं समजतं, तरी मी पाठिंबा देणार आहे, कारणं ही आहेत. ९ जुलैला त्यांनी सिनेटमध्ये विधेयकाच्या बाजूनेच मत दिलं. समर्थक हरले. पण बहुतेक जण कामाला लागलेलेच राहिले, कारण त्यांचं ऐकून घेतलं होतं आणि उत्तर मिळालं होतं.

हेच दार पुढे बंद झालं, तेही ओबामांच्याच काळात. सव्वा कोटीहून अधिक ईमेल पत्ते आणि लाखो प्रशिक्षित स्वयंसेवक हाताशी असताना, जानेवारी २००९ मध्ये ती सगळी संघटना पक्षाच्या राष्ट्रीय समितीखाली नेऊन ठेवली गेली. स्वयंसेवकांनी विषय ठरवायचे, ही पद्धत जाऊन वरून आदेश यायला लागले. वर्षभरात मॅसॅच्युसेट्समधली टेड केनेडींची सिनेटची जागा गेली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा पक्षाने गमावल्या. मंदी, आरोग्य विधेयकावरचा राग, कारणं पुष्कळ होती. तरीही, राबायला तयार बसलेल्या माणसांना गप्प करून ठेवणं ही मोठी राजकीय चूक होती असंच मी म्हणेन.

*

मोबाईलवरच्या आवाहनाने मतदान खरंच वाढतं का? याचं एक चांगलं उत्तर २ नोव्हेंबर २०१० या दिवसाने दिलं. अमेरिकेतल्या त्या दिवशीच्या निवडणुकीत फेसबुकने ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग केला. बहुतेकांना 'आज मतदान आहे' हा निरोप दिसला आणि त्याखाली ज्या मित्रांनी 'मी मत दिलं' असं कळवलं होतं त्यांचे चेहरे. काहींना चेहरे न दाखवता नुसता निरोप दाखवला. काहींना काहीच नाही. नंतर मतदानाच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं. २०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष आले. नुसता निरोप पाहिलेले आणि काहीच न पाहिलेले यांच्यात फरक नव्हता. ज्यांना मित्रांचे चेहरे दिसले, ते जास्त संख्येने मतदानाला गेले. संशोधकांच्या अंदाजाने एकूण सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली, आणि त्यांतली बहुतेक जवळच्या मित्रांच्या प्रभावातून आली. प्रत्यक्षात जो आपला आहे, त्याचाच शब्द पडद्यावरही चालतो. दारावर जाऊन केलेली विनंती मतदान वाढवते आणि व्यावसायिक फोनचा फारसा उपयोग होत नाही, हे ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांच्या न्यू हेवन शहरातल्या प्रयोगाने २००० सालीच दाखवलं होतं.

ओबामांच्या २०१२ च्या मोहिमेने हे ओळखून समर्थकांना त्यांच्याच फेसबुक मित्रांची नावं काढून दिली: हा तुझा मित्र काठावरच्या राज्यात राहतो, याच्याशी तू बोल. काम चोख झालं. पण त्यासाठी मित्रांची माहिती त्यांना न विचारता वाचली जात होती, आणि तेव्हा ते फारसं कुणाला खटकलं नाही. फेसबुकच्या त्याच ढिल्या नियमांतून केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण जन्मलं. मार्च २०१८ मध्ये ते प्रकरण फुटलं तेव्हा ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेल्याचा अंदाज फेसबुकने दिला. त्यांत भारतातले सुमारे ५ लाख ६२ हजार लोक होते. ज्या ॲपमधून ही माहिती गेली, ते स्वतः उतरवून घेणारे भारतीय फक्त ३३५ होते. बाकीचे केवळ कुणाचे तरी मित्र होते म्हणून सापडले.

*

आपल्याकडे सुरुवात मिस्ड कॉलने झाली. २०११ च्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनात पाठिंबा नोंदवायला लोक मिस्ड कॉल देत होते. खर्च शून्य, आणि साध्या फोनवरूनही चालणारं. नोव्हेंबर २०१४ पासून भाजपने त्याच पद्धतीने सदस्यनोंदणी केली आणि आठ कोटींहून अधिक सदस्य झाल्याचा दावा केला. त्याआधी, एप्रिल २०१३ मध्ये, आयआरआयएस नॉलेज फाउंडेशन आणि इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशन यांच्या अहवालाने ५४३ पैकी १६० मतदारसंघांत समाजमाध्यमांचा मोठा परिणाम होईल असं म्हटलं होतं. त्यांतले सर्वाधिक, २१, महाराष्ट्रातले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने उमेदवाराने शपथपत्रात आपली समाजमाध्यमांवरची खाती जाहीर करावीत आणि तिथला खर्च हिशेबात दाखवावा असा नियम केला.

२०१४ च्या प्रचारातली 'चाय पे चर्चा' आठवते? २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडी गावात शेतकऱ्यांशी बोलले, आणि ती चर्चा तंत्रज्ञानाच्या जोरावर देशभरच्या चहाच्या टपऱ्यांवर पोचली. शेतमालाच्या भावाबद्दल तिथे दिलेल्या शब्दांची आठवण विरोधक आणि शेतकरी नेते पुढे कित्येक वर्षं करून देत राहिले. प्रश्न विचारणारा माणूस समोर होता, म्हणून उत्तर नोंदलं गेलं आणि म्हणूनच नंतर त्याचा जाब मागता आला. मोदींच्या प्रचारातला तो प्रकार मला आजही चांगला वाटतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यानंतर प्रचार फेसबुकवरून व्हॉट्सॲपवर सरकला. जो माणूस वर्तमानपत्र घेत नाही, ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्याही खिशात आता दिवसभर उघडी राहणारी एक खिडकी होती.

तालुक्याच्या गावी निवडणुकीत उमेदवाराच्या संपर्क कार्यालयात जाऊन पाहा. पुढच्या खोलीत उपरणी, झेंडे, चहाची किटली, गाड्यांच्या डिझेलचा हिशेब. मागच्या खोलीत दोन-चार पोरं, लॅपटॉप, चार्जरची गुंतावळ. एक जण दिवसभर ग्राफिक करतो: सकाळी सुप्रभात, दुपारी प्रचारफेरीचे फोटो, संध्याकाळी उमेदवाराचा चेहरा आणि चिन्ह. दुसऱ्यासमोर तीन-चार मोबाईल ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकात शेकडो ग्रुप: गावनिहाय, जातनिहाय, तरुण मंडळं, बचत गट, भजनी मंडळं, माजी विद्यार्थी. तिसऱ्याकडे मतदार यादीचं ॲप.

हे ॲप नीट पाहण्यासारखं आहे. यादी भाग क्रमांक निवडला की एका बूथची हजार-बाराशे नावं समोर येतात. नावावर बोट ठेवलं की वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक. इथवरचं सगळं निवडणूक आयोगाच्या यादीतलं. त्याखाली कार्यकर्त्याने भरायच्या जागा: मोबाईल, जात, 'आपला', 'विरोधी', 'काठावरचा'. मयत. लग्न होऊन गेलेली. बाहेरगावी, म्हणजे मुंबई, पुणे की सुरत, हे लिहिलं की मतदानाच्या आदल्या रात्री किती गाड्या लावायच्या ते कळतं. आडनावानुसार यादी काढायची सोय असते, आणि ती कशासाठी असते हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. टेबलावर तळहाताएवढा ब्लूटूथ प्रिंटर, किराणा दुकानातल्या बिलासारखी चिठ्ठी त्यातून निघते. आयोगाच्या नियमाप्रमाणे ती कोऱ्या पांढऱ्या कागदावर, उमेदवाराचं नाव आणि चिन्ह नसलेली असायला हवी.

मोबाईल क्रमांक मतदार यादीत नसतो. मग तो येतो कुठून? हळदीकुंकवाच्या समारंभातल्या नोंदवहीतून. 'खेळ पैठणीचा' कार्यक्रमातल्या सोडतीच्या कुपनांतून. मोफत नेत्रतपासणी शिबिराच्या अर्जांतून, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांतून, कुणी तरी विकलेल्या याद्यांतून. पैठणीच्या आशेने आईने चिठ्ठीवर लिहिलेला नंबर दोन वर्षांनी तिला प्रचाराच्या ग्रुपमध्ये नेऊन टाकतो, तिला न विचारता. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला, पण गल्लीतल्या या व्यवहाराला त्याची झळ लागलेली दिसत नाही.

एवढी सगळी रचना, एवढी मेहनत. त्या पोरांना मी दोष देणार नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून ती काम करतात, आणि निवडणूक संपली की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पैसेही अडकतात. पण त्या ॲपमध्ये मतदाराविषयी सगळं काही असतं आणि त्याला काय हवंय हे लिहायला सहसा जागा नसते. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, पीकविमा मिळाला नाही, शाळेला शिक्षक नाही, हे ज्याने बूथवर बसून ऐकलं, तो ते वहीत लिहितो किंवा विसरतो.

*

आता ग्रुप उघडून पाहू. प्रचाराच्या बहुतेक ग्रुपमध्ये तळाशी एक ओळ दिसते: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. २०१८ च्या मध्यावर व्हॉट्सॲपने ही सोय दिली. २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ सदस्यांपर्यंत गेली, सप्टेंबर २०२३ मध्ये चॅनेल आले, आणि चॅनेलवर तर बोलायचं एकानेच असतं. म्हणजे हजार माणसं एका खोलीत आणून बसवायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. याला मतदारांशी संवाद म्हणतात तेव्हा मला राग येतो. चौकातल्या सभेत निदान मागून कुणी तरी ओरडून प्रश्न विचारू शकतो, आणि नेत्याला त्याच्याकडे बघावं लागतं.

ग्रुप बंद ठेवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. रात्री शिवीगाळ होते, विरोधी गटाची माणसं घुसतात, घाणेरडे फोटो येतात, आणि ॲडमिनला पोलिसांची भीती असते. ही भीती बरीचशी निराधार आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, ग्रुपमधल्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. शिवीगाळ करणाऱ्याला काढून टाकता येतं. ठराविक वेळ ग्रुप उघडा ठेवता येतो. खरी अडचण वेगळी आहे. ग्रुप उघडला की गेल्या वेळच्या आश्वासनांचं काय झालं, हे कुणी तरी विचारणार.

बोलणं एकाच बाजूने चालतं तेव्हा आणखी एक गोष्ट घडते: मेसेज कुठून आला ते कुणाला ठाऊक नसतं आणि तो खोडायला कुणी नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्या प्रकाराचा निवडणुकीशी संबंध नव्हता. पण देशभरच्या अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि ज्या वाटेने ती अफवा गेली, त्याच वाटेने आज प्रचार जातो हे विसरता येत नाही. मर्यादा आली तेव्हा प्रचारयंत्रणांनी मोबाईल वाढवले, ग्रुप वाढवले.

मतदानाआधीचे ४८ तास प्रचार थांबतो असा कायदा आहे. चौकातला भोंगा थांबतो, मोबाईल थांबत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, १९ नोव्हेंबरला, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, दोन विरोधी नेत्यांचा आवाज म्हणून काही ध्वनिफिती पसरवल्या गेल्या. तो आवाज आपला नाही असं सांगत त्यांनी तक्रार केली. सकाळी सात वाजता मतदान सुरू होणार असताना एखाद्या मतदाराने खरं-खोटं कसं ठरवायचं? कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला खोटा मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढा, असं आयोगाने पक्षांना मे २०२४ मध्येच बजावलं होतं. शेवटच्या रात्री तीन तास फार होतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही. फेब्रुवारी २०१९ पासून फेसबुकवरच्या राजकीय जाहिराती कुणी दिल्या ते पाहता येतं, आणि त्यातूनच 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' आणि 'ॲड वॉच' यांनी नोव्हेंबर २०२० पर्यंतच्या ५ लाख ३६ हजारांवर जाहिराती तपासून २०२२ मध्ये दाखवलं की, पक्षाचं नाव न लावता पक्षाचा प्रचार करणारी पानं मोठ्या प्रमाणावर पैसे ओतत होती. असा खर्च कुणाच्याच हिशेबात येत नाही. ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. आपल्या मतदारसंघापुरती ती पाहायला एक दुपार पुरते, आणि स्थानिक पत्रकारांनी ती पाहावी ही माझी मनापासूनची विनंती आहे.

*

हे सगळं वेगळ्या पद्धतीने करता येतं का? न्यूयॉर्कचं अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आल्यानंतर काही दिवसांतच झोहरान ममदानी नावाचा ३३ वर्षांचा आमदार हातात माईक घेऊन क्वीन्स आणि ब्राँक्समधल्या रस्त्यांवर उभा राहिला. दिग्दर्शिका मीरा नायर यांचा हा मुलगा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो विचारत होता: तुम्ही ट्रम्पना मत दिलंत का, की मतच दिलं नाही, आणि का? लोक घरभाड्याबद्दल, किराण्याच्या दरांबद्दल, गाझाबद्दल बोलले. त्याने वाद घातला नाही, ऐकून घेतलं. त्या चित्रफितीतून त्याच्या प्रचाराचे विषय निघाले: भाडेवाढ रोखणं, मोफत बस, पाळणाघरं. जानेवारीत तो हातगाडीवर चिकन-राईस विकणाऱ्यांपाशी गेला आणि परवान्यांच्या काळ्या बाजारामुळे आठ डॉलरचं ताट दहा डॉलरला कसं पडतं, हे त्यांच्याच तोंडून लोकांना ऐकवलं. सुरुवातीच्या चाचण्यांत जेमतेम एक टक्का असलेला हा माणूस २४ जून २०२५ ला अँड्र्यू कुओमो या माजी गव्हर्नरांना हरवून डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार झाला आणि ४ नोव्हेंबरला महापौर म्हणून निवडून आला. त्याची गमतीशीर हिंदी चित्रफीत आपल्याकडे खूप फिरली. त्यामागचे हजारो स्वयंसेवक आणि मोहिमेच्या दाव्यानुसार त्यांनी ठोठावलेली दहा लाखांहून जास्त दारं मात्र फारशी कुणाच्या मोबाईलवर आली नाहीत.

आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेच्या प्रभागात हे न्यूयॉर्कपेक्षा सोपं आहे. इथे उमेदवार आणि मतदार एकाच पाणवठ्यावरचे असतात. पाचशे-हजार घरांसाठी मोठ्या कंपनीची, वॉर रूमची गरज नाही. एक उघडा ग्रुप, रोज संध्याकाळी अर्धा तास उमेदवाराने स्वतः द्यायची उत्तरं, आलेल्या तक्रारींची सगळ्यांना दिसेल अशी यादी, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतःच्या गल्लीतली पाच घरं. निवडून आल्यावर तोच ग्रुप चालू ठेवायचा. एवढं करणारा एक नगरसेवक जरी प्रत्येक शहरात निघाला, तरी बाकीच्यांना ते टाळणं अवघड जाईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. विचारल्याशिवाय प्रचाराच्या ग्रुपमध्ये टाकलं, तर नंबर कुठून मिळाला ते ॲडमिनला लेखी विचारा. ग्रुप बंद असेल, तर तो दिवसातून किती वाजता उघडणार ते विचारा. आपल्या वॉर्डाचा एकच प्रश्न, पाण्याचा, रस्त्याचा किंवा शाळेचा, सगळ्या उमेदवारांना एकाच मजकुरात पाठवा, आणि कुणाचं उत्तर आलं, कुणाचं नाही, ते सोसायटीच्या फलकावर तारखेसह लावा. पैसे, दारू किंवा धमकी दिसली, तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. फोटो किंवा चित्रफीत पाठवल्यापासून १०० मिनिटांत कारवाईची त्यात सोय आहे, आणि तक्रारदाराला नाव गुप्त ठेवता येतं.